बाई अशी चालत नाही

आजवर मी अकरा वेळा विधवा झालो आहे. सात वेळा मला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, चार वेळा नवऱ्यानं दुसरी आणली, आणि दोनदा मी विहिरीच्या काठापर्यंत जाऊन परत आलो. एवढं सोसून दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्यांना पाणी द्यायला मलाच जावं लागायचं, कारण आमच्या शिवारात वीज सकाळची असायची आणि ती कोणाच्या वैधव्यासाठी थांबत नसे.

मी चिखली तालुक्यातल्या एका मोठ्या गावात भाजीपाला पिकवतो. वय बावन्न. मिशा आहेत, पोट आहे, एक बायको आणि एक मुलगी आहे. विसाव्या वर्षापासून पुढची अठरा वर्षं मी आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकात बाईचा पार्ट करत होतो. गावातल्या बाया पाठीवर पंप घेऊन फवारणी करत, बैलगाडी हाकत, बाजारात व्यापाऱ्याशी भांडत; पण त्यातली एखादी स्टेजवर चढली तर गावाचं नाक कापलं गेलं असतं. म्हणून नाक वाचवायला पुरुषाला साडी नेसवत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

पहिल्याच वर्षी मिशीवरून घोळ झाला. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नसते. ती बाप गेला की डोक्याच्या केसांबरोबर उतरते. मी नाटकाच्या चार दिवस आधी मिशी काढली आणि डोक्याला रुमाल गुंडाळून भेंडी विकायला चिखलीच्या बाजारात गेलो. तिथं आईकडच्या एका नातेवाइकानं मला लांबून पाहिलं. रुमाल आणि बिनमिशीचं तोंड, एवढा पुरावा त्याला पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरून पाहुणे आले. बायांनी वेशीपासूनच गळा काढला. वडील ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. रडणं आपल्याच घराकडे येतंय हे पाहून तेच घाबरले आणि मला म्हणाले, "कोन गेलं बे?" गेलेले आपणच आहोत हे कळल्यावर त्यांनी मला जे झापलं, तसं गुरुजींच्या कुठल्याही नाटकात कुठल्याही सासऱ्यानं झापलेलं नाही. चार दिवसांनी तेच पाहुणे नाटकाला आले आणि राहिलेलं रडून गेले.

हे गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले शिक्षक आणि आमचे नाटककार. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते एक नाटक लिहीत. गुरुजींच्या जगात बाया दोनच प्रकारच्या होत्या. एक डोक्यावर पदर घेणारी, दुसरी डोळ्यांना गॉगल लावणारी. पदरवाली सोसायची आणि गॉगलवाली घर फोडायची. आमच्या नाटक मंडळात बाईचा पार्ट करणारा मी एकटाच, त्यामुळे दोघी मीच असायचो आणि त्या दोघींची कधी समोरासमोर गाठ पडत नसे. गावातल्या एका जाणकारानं यातून मोठा अर्थ काढला होता की, गुरुजींना सद्गुण आणि दुर्गुण एका जागी दाखवायचे नाहीत. खरं कारण असं की मी एक होतो आणि साडीही एकच होती.

मी पार्टाची तयारी मनापासून केली. गुरुजींनीच सांगितलं होतं की आधी निरीक्षण कर. म्हणून मी आठ दिवस सकाळी वावराच्या वाटेवर बसून गावातल्या बायांची चाल पाहिली. डोक्यावर गवताचा भारा, एका हाती विळा, ढांगा टाकत चालल्यात. धुरा, म्हणजे वावराचा बांध, आला की भाऱ्यासकट उडी. मी तालमीत तसं चालून दाखवलं. गुरुजींनी डोक्याला हात लावला.

"हे काय आहे? बाई अशी चालत नाही."

"पन गुरुजी, सगळ्या अशाच चालतात."

"त्या कामाला चालल्या आहेत. मी बाईच्या चालीबद्दल बोलतोय."

मला तेव्हा हे उत्तर फार खोल वाटलं. मग गुरुजींनी मला बाई शिकवली. पाऊल वीतभर. टाच वाजली नाही पाहिजे. नजर समोर तीन हातांवर, जमिनीत. पदराचं टोक दोन बोटांत धरलेलं. कोणी काही विचारलं तर लगेच बोलायचं नाही. श्वास घ्यायचा, थांबायचं, मग एखादाच शब्द. आमची तालीम गुरुजींच्याच अंगणात चालायची. त्यांच्या बाईसाहेब धुण्याची बादली घेऊन आमच्या मधून तरातरा जायच्या, पाणी उडायचं, आणि गुरुजी म्हणायचे, "हं, पुन्हा पहिल्यापासून."

माझी चाल गाजली. आधी गावात गाजली, मग पंचक्रोशीत, आणि नंतर मंडळाला पार लोणारच्या बाजूच्या यात्रांमधून बोलावणी येऊ लागली. पदरवाली वीतभर पावलं टाकत उंबऱ्यातून निघाली की बायांच्या बाजूनं नाक ओढल्याचे आवाज यायचे. सासवा नव्या सुनांना मुद्दाम घेऊन येत. कोपरानं ढोसून म्हणत, "पाह्य, बाई कशी असते ते." एकदा गावातल्या एका सासूनं मला घरी बोलावून घेतलं आणि सुनेला पदर कसा धरायचा ते दाखवायला सांगितलं. ती सून पदवीधर होती. मी बारावी नापास. मी चहा पिऊन, पदर धरून दाखवून, समाधानानं घरी आलो. आज ते आठवलं की कान गरम होतात, पण तेव्हा मला फार छान वाटलं होतं.

माझं लग्न झाल्यावर माझ्या निऱ्या घालायचं काम बायकोकडे आलं. ती चटचट घालायची, कारण तिला घरी जाऊन उद्याच्या बाजाराचा माल बांधायचा असायचा. पहिल्या वर्षी तिनं नाटक पूर्ण पाहिलं. दुसऱ्या दिवशी मिरच्या तोडताना मी सहज विचारल्यासारखं केलं, कसं झालं म्हणून.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "मलेही रडू आलं. पन तीन अंक झाले, तुमची ते बाई वावरात काही गेली नाई."

"तिच्या घरची परिस्थिती वेगळी हाय."

"मंग खाते काय?"

गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, तुझी बायको रसिक नाही.

पुढे माझं पोट सुटलं, पोलकं बसेना, यात्रेत ऑर्केस्ट्रा आला, गुरुजीही गेले. नाटक बंद पडलं. मी मिशी वाढवली. वडील तेव्हा होते, त्यांना फार बरं वाटलं. मात्र माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसून राहिली की बाईच्या जातीचं आपल्याला कळतं. गावात नवराबायकोचं वाजलं की लोक मला बोलवत, याला दोन्ही बाजू समजतात म्हणून. मी जाऊन दोन्ही बाजू समजावूनही येत असे.

आता मुलीकडे येतो, कारण हे सगळं तिच्यामुळेच लिहायला बसलो आहे.

माझी मुलगी बावीस वर्षांची. बी.ए. झाली आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. उजाडलं की गावातल्या आणखी दोघींबरोबर डांबरी रस्त्यानं पळते. परत आली की वावरात गोळाफेक. तो लोखंडी गोळा माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात येऊन पडतो आणि तिथं परातीएवढा खड्डा होतो. मी ओरडलो की म्हणते, "बाबा, वाफा थोडा पुढं सरकवा, मी आता लांब फेकून राह्यली." अर्ज भरून झाला होता, मैदानी परीक्षेची तारीख आली होती. त्याच दिवसांत तिच्या मामानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, स्थळं आणायला सुरुवात केली.

पहिलं स्थळ मेहकरकडचं. मुलगी पाहायला सात जण आले. हल्ली मुलीला चालून दाखव असं तोंडावर कोणी म्हणत नाही, सुधारणा झाली आहे. हल्ली पाणी मागतात. मुलाच्या काकांनी पाणी मागितलं आणि आमची मुलगी स्वयंपाकघरातून चार ढांगांत बैठकीत आली. तांब्या असा आणला की काका दचकून मागे सरकले. मग त्यांनी विचारलं, छंद काय?

"आठशे मीटर," ती म्हणाली. "तीन मिनटाच्या आत मारते." आणि मुलाकडे वळून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "तुमाले किती लागतात?"

मुलगा बिचारा लाल झाला. तिसऱ्या दिवशी मामाकडून निरोप आला. पोरगी चांगली आहे, पण पोरासारखी चालते.

बायकोनं तो निरोप ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. "अठरा वर्सं बाई झाले तुमी. गावच्या सुनाईले शिकवलं. घरच्या पोरीले नाई शिकवता आलं?"

टोमणा मला लागला. आणि खोटं कशाला बोलू, थोडा आवडलाही. चौदा वर्षांनी कोणीतरी माझ्या कलेची आठवण काढली होती.

दुसरं स्थळ आलं ते सुलतानपूरचं, लोणार तालुक्यातलं. मुलगा सरकारी नोकरीत कायम, घरी ओलिताची शेती, माणसं सभ्य. मामानं बजावून सांगितलं की त्या घरात चालरीत फार पाहतात. पाहुणे पुढच्या रविवारी येणार होते. मैदानी परीक्षा त्यानंतर तीन आठवड्यांनी. मी मुलीला समोर बसवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सौदा केला.

"तुमी म्हनसान तशी चालीन, तुमी म्हनसान तशी बोलीन. पन ग्राउंडले जाऊ द्याचं. लग्न ठरो का मोडो."

"जाशीन," मी म्हणालो.

"नक्की?"

"बापावर भरवसा नाई का?"

तिनं भरवसा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात तालीम सुरू झाली. बायको कडेला सुकलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसलेली. मी बनियनवर, खांद्यावरचा दुपट्टा पदरासारखा डोक्यावरून घेतला, हातात स्टीलच्या पेल्यांचा ट्रे धरला आणि वीतभर पाऊल टाकलं. माझ्या पायांना सगळं आठवत होतं. पेल्यातलं पाणी हललं नाही. मुलगी हसून हसून खाली बसली. तेवढ्यात दूधवाला फाटकात मोटारसायकल थांबवून बघत राहिला.

"काय चालू हाय, भाऊ?"

"शिक्षन," मी म्हणालो. तो दूध ठेवून गेला.

मी तिला सगळं दिलं. टाच उचल, टेकवू नको. नजर बैठकीच्या तिसऱ्या फरशीवर. प्रश्न आला की मनात तीन आकडे मोज, मग बोल. स्वयंपाक येतो का विचारलं तर 'येतो' एवढंच. भाजीची नावं सांगत बसू नको, चार सांगितल्या की पाचवी विचारतात. छंद विचारला तर वाचन.

"काय वाचते म्हनलं तर?"

"तोवर कोनी विचारत नाई."

पहिल्या दिवशी ती वैतागली. "बाबा, असं चालून मले फाटकापोतर जायाले दिवस लागन."

"कुठी जायचं नाई तुले," मी म्हणालो. "दाखवायचं हाय."

हे वाक्य मी तेव्हा सहज बोलून गेलो. बायकोचा देठ खुडणारा हात जरासा थांबला असं मला आता वाटतं, पण कदाचित ते मी मागाहून जोडलं असेल.

दोन दिवसांत तिनं चाल उचलली. पळणाऱ्या माणसाचा अंगावर ताबा असतो, तोच इथंही कामाला आला. तालीम संपली की बूट घालून ती रस्त्यावर पळायला जायची, आणि तिसऱ्या फरशीवर नजर ठेवून चालणारी ती हीच का, असा प्रश्न पडायचा. शनिवारी तिनं आईची साडी नेसून शेवटची तालीम केली. स्वयंपाकघराच्या दारातून ट्रे घेऊन आली, वीतभर पावलं, वाकली, पेले ठेवले, आवाज नाही. पदराचं टोक दोन बोटांत. मला भरून आलं. अठरा वर्षं मी जे करत होतो ते ती माझ्याहून चांगलं करत होती. गुरुजी असते तर त्यांनी टाळी वाजवली असती, असं मनात आलं आणि मी डोळे पुसले.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई जीपमधून उतरून ओट्यापर्यंत आली तेव्हाच मला त्या बाईंबद्दल आदर वाटला. किती हळू चालणं, नजर खाली, पदराचं टोक दोन बोटांत. काय संस्कार आहेत, मी मनात म्हटलं. तेव्हाही मला काही कळलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

कार्यक्रम चोख झाला. पाणी मागितलं गेलं, पाणी आलं. स्वयंपाक येतो का, येतो. छंद, वाचन. काय वाचते ते कोणी विचारलं नाही. मुलगी आत गेल्यावर मुलाचे वडील मान डोलवत म्हणाले, "अशा मुली राहिल्या नाहीत आजकाल." आणि मग मुलाची आई पहिल्यांदा बोलली. त्यांच्याकडची बोली जालन्याकडे झुकलेली, ऐकायला आमच्याहून मऊ.

"तुम्हीच ना ते? यात्रेत बाईचं काम करायचे?"

मी खूष होऊन हात जोडले.

"मी नवी नवरी होते तेव्हा आमच्या सासूबाई मला तुमचं नाटक पाहायला घेऊन गेल्या होत्या. घरी आल्यावर म्हणल्या, उद्यापासून असं चालायचं. तेव्हापासून अशीच चालते बघा." त्या हसल्या. हसण्यात कसलाही राग नव्हता. "आता कंबर धरते. डॉक्टर म्हणतो, जरा मोकळं चालत जा. पण दुसरं आता येतच नाही."

"तीस वर्षं झाली," त्यांचे यजमान कौतुकानं म्हणाले, "घरात हिच्या पावलाचा आवाज नाही."

मी हसलो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, पण माझ्या हातात पोह्यांची ताटली होती आणि मी दोन्ही पोह्यांबरोबर गिळून टाकल्या. त्या बाई ज्या चालीनं आल्या होत्या ती माझी होती. माझी म्हणजे गुरुजींची. आणि गुरुजींनी ती कुठल्या बाईकडून घेतली होती, हे गावातल्या एकाही बाईला सांगता आलं नसतं.

पाहुण्यांनी जागेवरच होकार दिला. पंधरा दिवसांत साखरपुडा, लग्न उन्हाळ्यात. तेव्हा मामानं हळूच भरतीचा विषय काढला. मुलाचे वडील मोठ्यानं हसले.

"ही आणि पोलीस? अहो, हिच्या तोंडून दीड शब्द निघाला. हिला पाहून चोरच विचारेल, ताई, बसायला देऊ का?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "नाही हो. इतक्या सालस मुलीला कशाला तिथं धाडता? ते ग्राउंड वगैरे सोडा आता."

मुलगा मोबाइल पाहत होता. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली मुलीची पावलं दिसत होती, जवळजवळ ठेवलेली. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"पाहू," मी म्हणालो.

मी स्टेजवर पानपानभर भाषणं पाठ म्हणत असे. त्या दिवशी मला एवढा एक शब्द सुचला.

जीप गेली. मुलगी बाहेर येऊन खाटेवर बसली, साडीतच. बायको ताटल्या गोळा करत होती.

"जमलं ना, बाबा?"

"जमलं."

"मंग ग्राउंड?"

"ते म्हनतात..."

"ऐकलं मी," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "नाटक झालं की तुमी साडी सोडत होते ना?"

"हाव."

"मंग मी कवा सोडू?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते मला पाठ आहे. तिनं वांग्याला खत किती टाकू हे विचारावं तसं विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट पाहत होती. मी उठून विहिरीवरची मोटार बंद करायला वावरात गेलो. मोटार चालू नव्हती.

दोन दिवस मी विचार केला, म्हणजे टाळाटाळ केली. स्थळ चांगलं आहे. माणसं वाईट नाहीत. भरतीचं काय, हजारो पोरी येतात, होईल न होईल. मामाचे साखरपुड्याच्या तारखेसाठी फोन येत होते, आणि मी त्याला सांगत होतो की पाहतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. मुलीचे बूट दाराशी तसेच पडलेले होते. ती गोठ्यात बैलांना पाणी ठेवून परत येत होती. अंगणात कोणी पाहुणा नव्हता, हातात ट्रे नव्हता, रिकामी बादली होती. आणि ती वीतभर पावलं टाकत चालली होती.

"काऊन अशी चालून राह्यली?" मी विचारलं.

"सवय करून राह्यली," ती न थांबता म्हणाली. "आता जलमभर चालनं हाय ना."

त्यात टोमणा असता तर मी सोसला असता. तिनं खरंच ठरवून टाकलं होतं. एकदा गोळा फेकायचं ठरवलं तसंच हेही ठरवलं होतं, आणि ती हे नीट शिकली असती, मला माहीत होतं. ती आत गेली तरी मी ब्रश हातात धरून उभाच होतो.

बायको माझा मोबाइल घेऊन बाहेर आली. "लावा फोन. शिकवा म्हनून मी सांगतलं, ते माह्यं चुकलं. पन 'पाहू' तुमी म्हनले."

मी मामाला न विचारता सरळ सुलतानपूरला फोन लावला. मुलाच्या वडिलांनी उचलला. मी म्हणालो की माफ करा, आमच्याकडून जमणार नाही. मग जपून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मुलीत काही खोट आहे का? सांगा मोकळेपणानं."

"पोरीत काही खोट नाई."

"मग आम्हाला तर पसंत आहे ती."

"तुमाले जे पसंत पडली ते माही पोरगी नव्हती," मी म्हणालो. "तो मी होतो."

"म्हणजे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चाल माझी, तिसरी फरशी माझी, मनात मोजलेले तीन आकडे माझे, वाचन तर कोणाचंच नाही. माझी मुलगी तीन मिनिटांच्या आत आठशे मीटर पळते, जेवताना बोलते, चालली की भांडी वाजतात, आणि अठरा दिवसांनी ती ग्राउंडला जाणार आहे. मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. फार समजूतदार माणूस.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "अहो, मग काही अडचण नाही. शिकवलं तर शिकवलं. सवयीनं अंगात भिनतं. आमच्या हिच्या नाही का भिनलं?"

"म्हनूनच नाई म्हनतो," मी म्हणालो.

पलीकडे मागून त्या बाईंचा मऊ आवाज आला, "काय म्हणतात हो?"

"काही नाही," ते त्यांना म्हणाले, "तुला नाही समजायचं."

फोन त्यांच्याकडे द्या, असं मला म्हणायचं होतं, कारण त्या घरात हे समजणारं माणूस त्याच एक होत्या. पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता.